घटक ४ : शासनाकडील वादग्रस्त येणे आणि न्यायालयाचा आदेश

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील.

• शासनाविरुद्ध पैशाचा दावा कोणत्या घटनात्मक आधारावर उभा राहतो, हे सांगता येईल.
• ‘देणे ठरणे’ आणि ‘देणे फिटणे’ या दोन अवस्थांमधील फरक स्पष्ट करता येईल.
• वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोच्या उदाहरणावरून रक्कम न्यायालयात जमा करण्याच्या आदेशाचा अर्थ विशद करता येईल.
• शासनाला मिळणाऱ्या सवलतींची बाजू आणि त्यांच्या मर्यादा यांचे मूल्यमापन करता येईल.

४.१ प्रास्ताविक

एखाद्या माणसाने उसने घेतलेले पैसे परत केले नाहीत, तर धनको न्यायालयात जातो, हुकूमनामा मिळवतो आणि तरीही पैसे आले नाहीत तर ऋणकोच्या मालमत्तेवर जप्ती आणतो. हा क्रम आपल्या परिचयाचा आहे. पण ऋणको स्वतः शासनच असेल तर? न्यायालयांचा खर्च शासन करते, बेलिफाचा पगार शासन देते, जप्तीच्या वेळी बंदोबस्ताला येणारा पोलीसही शासनाचाच असतो. अशा वेळी न्यायालयाने ‘पैसे द्या’ असे म्हटले, तरी ते शासनाकडून घ्यायचे कोणी आणि कसे, असा प्रश्न उभा राहतो.

हा प्रश्न केवळ मोठ्या कंपन्यांपुरता नाही. बोरिवलीत महापालिकेच्या शाळेची दुरुस्ती करणारा छोटा कंत्राटदार, अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतून सरकारी रुग्णालयाला साहित्य पुरविणारा कारखानदार, रस्तारुंदीकरणात मुलुंडमधील जागा गेलेला रहिवासी आणि निवृत्तिवेतनाच्या थकबाकीसाठी हेलपाटे घालणारी शिक्षिका, या सर्वांचे शासनाकडे किंवा शासनाच्या एखाद्या अंगाकडे येणे असते. त्यांच्यापैकी अनेकांचा अनुभव असा की निकाल बाजूने लागतो, पण पैसे हाती पडत नाहीत. म्हणून या घटकात आपण एका मध्यवर्ती मुद्द्याचा विचार करणार आहोत : शासनाच्या बाबतीत देणे सिद्ध होणे आणि ते प्रत्यक्ष मिळणे यांमध्ये मोठे अंतर असते, आणि गेल्या काही वर्षांतील न्यायालयीन आदेशांचा रोख मुख्यत्वे हे अंतर कमी करण्याकडे आहे.

४.२ राज्यावर दावा करता येतो का?

‘राजा अन्याय करू शकत नाही’ या जुन्या इंग्रजी समजुतीमुळे राजाला त्याच्याच न्यायालयात खेचणे अशक्य मानले जाई. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६७२ मध्ये राजकोषातून सावकारांची देणी देणे एकाएकी थांबविले. सावकार न्यायालयात गेले. तो वाद वर्षानुवर्षे चालला आणि १७०० साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने सावकारांच्या बाजूने निर्णय दिला. तरीही पैसे देणे शेवटी संसदेच्या तरतुदीवरच अवलंबून राहिले. न्यायनिर्णय आणि रक्कम या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे या जुन्या प्रकरणातही दिसते.

भारतात परिस्थिती आरंभापासून थोडी निराळी होती. ईस्ट इंडिया कंपनी ही मुळात व्यापारी संस्था असल्यामुळे तिच्यावर दावा करता येत असे. १८५८ च्या कायद्याने कंपनीचा कारभार ब्रिटिश राजसत्तेकडे गेला, तेव्हा दावा करण्याची ही मुभा कायम ठेवण्यात आली. हाच धागा पुढे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३०० मध्ये आला. त्यानुसार भारत सरकार ‘भारतीय संघराज्य’ या नावाने आणि राज्य सरकार त्या त्या राज्याच्या नावाने दावा करू शकते, तसेच त्यांच्यावरही दावा करता येतो. म्हणूनच दाव्याच्या कागदावर प्रतिवादी म्हणून ‘महाराष्ट्र राज्य’ असे लिहिलेले आढळते.

मात्र दावा करता येतो याचा अर्थ तो इतर दाव्यांसारखाच चालतो असा नाही. पुढील चार बाबी लक्षात घ्याव्या लागतात.

(अ) कराराचे स्वरूप : अनुच्छेद २९९ नुसार शासनाचा करार राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या नावाने आणि प्राधिकृत अधिकाऱ्याकडून विहित पद्धतीने व्हावा लागतो. अधिकाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर काम करणारा कंत्राटदार येथेच अडचणीत येतो. तथापि, शासनाने कामाचा लाभ स्वीकारला असेल तर करार निर्दोष नसतानाही भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७० खाली मोबदला द्यावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

(आ) पूर्वसूचना : दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ८० प्रमाणे शासनावर दावा करण्यापूर्वी दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. शासनाने दावा तपासून, रास्त असेल तर न्यायालयाबाहेरच मिटवावा हा यामागील हेतू. प्रत्यक्षात बहुसंख्य नोटिसांना उत्तरच दिले जात नाही, अशी नापसंती सर्वोच्च न्यायालयाने सेलम अधिवक्ता संघाच्या प्रकरणात २००५ मध्ये नोंदविली होती.

(इ) मुदत : मुदत अधिनियम, १९६३ नुसार नागरिकाला पैशाच्या दाव्यासाठी सामान्यतः ३ वर्षे मिळतात, शासनाला मात्र आपल्या दाव्यासाठी ३० वर्षे मिळतात.

(ई) अंमलबजावणीची प्रतीक्षा : संहितेच्या कलम ८२ प्रमाणे शासनाविरुद्धचा हुकूमनामा तीन महिने अपूर्त राहिल्याशिवाय त्याची अंमलबजावणी सुरू करता येत नाही.

या तरतुदी एकत्र पाहिल्या म्हणजे ध्यानात येते की कायद्याने शासनाला ऋणको म्हणून न्यायालयासमोर उभे केले खरे, पण बसायला वेगळे आसनही दिले. शासन पळून जाणार नाही, दिवाळखोर होणार नाही, तेव्हा त्याच्याकडून घाईने वसुली करण्याचे कारण नाही, हा त्यामागचा विचार. धनकोच्या बाजूने पाहता या विचारातील उणीव अशी की शासन थांबू शकते, पण त्याचा धनको बहुधा थांबू शकत नाही.

४.३ वसुलीचे तीन मार्ग

शासनाकडील येणे मागण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग दिवाणी दाव्याचा. साक्षीपुरावा, उलटतपासणी, निकाल, अपील अशा टप्प्यांतून तो जातो. निकालानंतरच्या अंमलबजावणीच्या अर्जाला मराठी न्यायालयीन परिभाषेत ‘दरखास्त’ म्हणतात. दावा जिंकला तरी दरखास्तीत पुन्हा वर्षे जातात, हे आपल्याकडील पक्षकारांचे जुने दुखणे आहे.

दुसरा मार्ग रिट अर्जाचा. अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय शासनाला आपले कर्तव्य पार पाडण्याचा ‘महादेश’ देऊ शकते. परंतु केवळ पैसे परत मिळावेत एवढ्यासाठी रिट सामान्यतः चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सुगनमल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात म्हटले होते. ही भूमिका पुढे काहीशी मृदू झाली. भारतीय निर्यात पत हमी महामंडळाने कझाकस्तानला पाठविलेल्या चहाच्या विम्याची रक्कम नाकारली, तेव्हा निर्यातदार एबीएल इंटरनॅशनल कंपनी रिट घेऊन न्यायालयात गेली. राज्यसंस्था करारातही मनमानीने वागू शकत नाही आणि वस्तुस्थितीचा वाद आहे एवढ्याच कारणाने रिट फेटाळण्याचे बंधन उच्च न्यायालयावर नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २००३ रोजी दिला. निवृत्तिवेतनाच्या बाबतीत तर १९७१ च्या देवकीनंदन प्रसाद प्रकरणापासून हे स्थिर झाले आहे की निवृत्तिवेतन ही सरकारची कृपा नसून कर्मचाऱ्याचा हक्क आहे. त्यामुळे ज्या देण्याविषयी खरा वाद नाही, केवळ दिरंगाई आहे, तेथे रिट हा परिणामकारक मार्ग ठरतो.

तिसरा मार्ग लवादाचा. मोठ्या बांधकाम करारांत वाद लवादाकडे सोपविण्याचे कलम असते. लवाद जो निर्णय देतो त्यास ‘निवाडा’ म्हणतात. लवाद आणि समेट अधिनियम, १९९६ च्या कलम ३४ खाली निवाड्यास न्यायालयात आव्हान देता येते, आणि कलम ३६ खाली निवाड्याची अंमलबजावणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे होते. आपले प्रमुख उदाहरण याच मार्गावरचे आहे.

आपली प्रगती तपासा – १
(१) कलम ८० आणि कलम ८२ यांचा हेतू आणि परिणाम चार-पाच वाक्यांत लिहा.
(२) कोणत्या प्रकारच्या येण्यासाठी रिट अर्ज उपयुक्त ठरतो? का?

४.४ उदाहरण : वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो

मुंबईची पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. वर्सोवा ते घाटकोपर हा ११.४ किलोमीटरचा उन्नत मार्ग आणि त्यावरील १२ स्थानके यांमुळे पश्चिम उपनगरे आणि पूर्व उपनगरे प्रथमच थेट रेल्वेने जोडली गेली. तोपर्यंत अंधेरीहून घाटकोपरला जाणाऱ्या माणसाला अंधेरी–कुर्ला रस्त्यावरील बसच्या गर्दीला तोंड द्यावे लागे किंवा लोकलने दादरचा वळसा घ्यावा लागे.

हा प्रकल्प सार्वजनिक-खासगी भागीदारीतील होता. त्याच्या बांधणीसाठी आणि परिचालनासाठी ‘मुंबई मेट्रो वन’ ही कंपनी स्थापन झाली. तिच्यात आज रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरचा ७४ टक्के आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा २६ टक्के वाटा आहे. सवलत करार २००७ मध्ये झाला. कराराच्या वेळी प्रकल्पाचा खर्च २,३५६ कोटी रुपये धरला होता. काम लांबले आणि खर्च वाढला. जागेचा ताबा वेळेवर मिळाला नाही आणि त्यामुळे झालेल्या वाढीव खर्चाचा भार प्राधिकरणाने उचलावा, असे कंपनीचे म्हणणे. प्राधिकरणाला ते मान्य नव्हते. गजबजलेल्या जे. पी. रस्त्यावरून आणि अंधेरी–कुर्ला रस्त्यावरून खांब उभे करायचे, म्हणजे एकेका जागेसाठी अडथळे दूर करणे आले. अशा कामात उशीर कोणामुळे झाला हाच बहुतेक वादांचा गाभा असतो.

येथे एक परिभाषिक भेद समजून घेतला पाहिजे. प्राधिकरण हे १९७४ च्या स्वतंत्र अधिनियमाने अस्तित्वात आलेले वैधानिक मंडळ आहे. संविधानाच्या अनुच्छेद १२ च्या अर्थाने ते ‘राज्य’ आहे. परंतु त्याचा निधी राज्याच्या एकत्रित निधीहून वेगळा आहे. सामान्य नागरिक दोघांनाही ‘सरकार’ म्हणतो. कायदा मात्र कोणत्या तिजोरीतून पैसे निघणार हे पाहतो.

वाद लवाद न्यायाधिकरणाकडे गेला. २०२३ मध्ये न्यायाधिकरणाने कंपनीच्या बाजूने निवाडा दिला. निवाड्यानुसार येणारी रक्कम ९९२ कोटी रुपये होती. प्राधिकरणाने या निवाड्यास मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि त्याची अंमलबजावणी स्थगित करावी अशी विनंती केली. जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने प्राधिकरणाला व्याजासह १,१६९ कोटी रुपये १५ जुलै २०२५ पर्यंत न्यायालयात जमा करण्यास सांगितले. या आदेशाविरुद्ध प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

या दोन आकड्यांमधील फरक १७७ कोटी रुपयांचा आहे, आणि दोन तारखांमध्ये दोन वर्षांचेही अंतर नाही. शासकीय संस्था जितका काळ थांबते तितके तिचे देणे वाढत जाते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर निवाड्यात वेगळे काही म्हटले नसेल तर निवाड्याच्या रकमेवर प्रचलित व्याजदराहून दोन टक्के अधिक दराने व्याज चढते. शेवटी निवाडा टिकला तर हे व्याज कोणा अधिकाऱ्याच्या खिशातून जात नाही. ते सार्वजनिक निधीतून, म्हणजे पर्यायाने त्याच मेट्रोतून प्रवास करणाऱ्या नागरिकांच्या पैशातून जाते. उलट बाजूस हेही खरे की निवाडा चुकीचा असेल तर तो मुकाट्याने मान्य करणे हाही सार्वजनिक पैशाचा अपव्ययच होईल. आव्हान देणे हा प्राधिकरणाचा हक्क आहे. आव्हान प्रलंबित असताना पैसा कोणाकडे असावा हा त्याहून वेगळा प्रश्न आहे, आणि जमा करण्याचा आदेश त्याच प्रश्नाचे उत्तर देतो.

४.५ स्थगितीचा प्रश्न आणि विक्रोळीची एक कंपनी

हे उत्तर पूर्वी असे नव्हते. १९९६ च्या अधिनियमाचा अर्थ दीर्घकाळ असा लावला जाई की कलम ३४ खाली आव्हानाचा अर्ज दाखल झाला की निवाड्यास आपोआप स्थगिती मिळते. त्यामुळे हरलेल्या पक्षाला एक अर्ज दाखल करणे पुरेसे होई. एक रुपयाही न भरता तो वर्षानुवर्षे निश्चिंत राहू शके. शासकीय संस्थांसाठी तर अपील करणे ही जवळजवळ रूढी बनली. यात अधिकाऱ्याची मनोवृत्तीही कारणीभूत होती. पैसे दिले तर उद्या लेखापरीक्षणात किंवा चौकशीत ‘का दिलेस’ असा प्रश्न येऊ शकतो. अपील केले तर कोणीच काही विचारत नाही.

संसदेने २०१५ मध्ये दुरुस्ती करून ही आपोआप मिळणारी स्थगिती रद्द केली. स्थगिती हवी असेल तर स्वतंत्र अर्ज करावा लागेल आणि न्यायालय योग्य त्या अटी घालील, अशी तरतूद झाली. परंतु २०१९ मध्ये कलम ८७ घालून जुन्या प्रकरणांपुरती पूर्वीची स्थिती पुन्हा आणण्यात आली. या कलमाला आव्हान देणाऱ्यांत अग्रभागी होती हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीचे मुख्यालय घाटकोपर आणि मुलुंड यांच्या दरम्यान, विक्रोळीत लालबहादूर शास्त्री मार्गावर आहे. वांद्रे–वरळी सागरी सेतू तिनेच बांधला.

कंपनीची व्यथा साऱ्या बांधकाम क्षेत्राची होती. तिची मोठी येणी शासकीय संस्थांकडे निवाड्यांच्या रूपात अडकली होती, आणि तिची स्वतःची देणी मात्र बँकांना आणि पुरवठादारांना ठरलेल्या तारखेला द्यावी लागत होती. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ मुळे धनको अशा कंपनीविरुद्ध नादारीची कारवाई सुरू करू शकत होते. पण तिचे ऋणको असलेल्या शासकीय संस्थांविरुद्ध तोच मार्ग तिला खुला नव्हता. म्हणजे येणे न मिळाल्यामुळे देणे थकणार, आणि देणे थकल्याबद्दल कंपनीच बुडणार. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ८७ मनमानी आणि म्हणून अनुच्छेद १४ शी विसंगत ठरवून रद्द केले. आव्हानाचा अर्ज दाखल होताच निवाडा आपोआप थांबतो ही समजूत मुळातच चुकीची होती, असेही न्यायालयाने म्हटले.

त्याच वर्षीच्या पाम डेव्हलपमेंट्स विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या प्रकरणात आणखी एक दार बंद झाले. दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश २७, नियम ८-अ प्रमाणे शासनाकडून तारण मागता येत नाही, असा युक्तिवाद राज्याने केला होता. लवादाच्या अधिनियमाखाली स्थगिती मागताना शासनाला विशेष वागणूक नाही, असे न्यायालयाने सांगितले. थोडक्यात, वेगळे आसन काढून घेण्यात आले. २०२१ मध्ये एक अपवाद वाढविण्यात आला : मूळ करार किंवा निवाडा लबाडीने अथवा भ्रष्टाचाराने घडवून आणला असे प्रथमदर्शनी दिसल्यास न्यायालय विनाअट स्थगिती देईल.

४.६ ‘जमा करणे’ आणि ‘अदा करणे’

वृत्तपत्रांत ‘न्यायालयाचा दणका, इतके कोटी भरण्याचे आदेश’ असा मथळा आपण वाचतो, तेव्हा एक प्रश्न विचारावयास हवा : भरायचे कोणाला? रक्कम न्यायालयात जमा करणे म्हणजे धनकोला अदा करणे नव्हे. जमा रकमेचा ताबा न्यायालयाकडे राहतो. आव्हानाचा निकाल लागेपर्यंत ती गुंतविली जाते, किंवा योग्य बँक हमी घेऊन धनकोला उचलू दिली जाते. या व्यवस्थेने दोन्ही बाजूंची जोखीम विभागली जाते. ऋणकोला विनाकारण लांबण लावण्यात लाभ उरत नाही, आणि निवाडा रद्द झाल्यास पैसा परत मिळण्याची शाश्वती राहते.

ही शाश्वती किती आवश्यक आहे, हे दिल्लीच्या विमानतळ मेट्रोच्या प्रकरणाने दाखविले. तेथेही रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरचीच कंपनी एका बाजूला आणि दिल्ली मेट्रो रेल महामंडळ दुसऱ्या बाजूला होते. २०१७ चा निवाडा कंपनीच्या बाजूने लागला. ९ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि पुनर्विलोकनाचा अर्जही फेटाळला. पण १० एप्रिल २०२४ रोजी त्याच न्यायालयाने उपचारात्मक याचिकेवर आपलाच निर्णय फिरविला आणि महामंडळाने दिलेली रक्कम परत करावी असे सांगितले. अशी उदाहरणे विरळ आहेत, पण अंतिम वाटणारे देणेही कधी कधी अंतिम नसते हे त्यातून कळते.

केंद्र सरकारने ३१ ऑगस्ट २०१६ रोजी असाच मधला मार्ग प्रशासकीय पातळीवर स्वीकारला. शासकीय संस्थेने निवाड्यास आव्हान दिले असले तरी निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम बँक हमीच्या बदल्यात कंत्राटदाराला द्यावी, असा तो निर्णय होता. लहान पुरवठादारांसाठी तर हे प्रमाण कायद्यातच आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ नुसार खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे चुकते करावयाचे असतात. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, आणि पुरवठादाराच्या बाजूने झालेल्या निवाड्यास आव्हान देणाऱ्या खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी जमा करावी लागते. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या नोंदणीकृत लघुउद्योजकाचे बिल सरकारी कार्यालयात अडकले आहे, त्याच्यासाठी ही तरतूद अनेकदा दिवाणी दाव्यापेक्षा जवळची आहे.

आपली प्रगती तपासा – २
(१) २०१५ पूर्वीची आणि नंतरची स्थगितीची स्थिती यांची तुलना करा.
(२) बँक हमी घेऊन रक्कम उचलू देण्याने कोणत्या पक्षाचे कोणते हित साधते?

४.७ पैसा कोठून येतो?

शासन अनेकदा सांगते की अंदाजपत्रकात तरतूद नाही. हे कारण कितपत ग्राह्य आहे, ते संविधानातच पाहता येते. राज्याचा खर्च दोन प्रकारचा असतो. विधानसभेच्या मतदानाने मंजूर होतो तो ‘दत्तमत’ खर्च, आणि मतदानाला न टाकता एकत्रित निधीतून होतो तो ‘भारित’ खर्च. अनुच्छेद २०२(३) मध्ये भारित खर्चाच्या यादीत राज्यपालांचे वेतन, कर्जावरील व्याज यांच्या जोडीला न्यायालयाचा किंवा लवाद न्यायाधिकरणाचा न्यायनिर्णय, हुकूमनामा अथवा निवाडा यांची पूर्तता करण्यासाठी लागणाऱ्या रकमेचाही समावेश आहे. अनुच्छेद २०३ नुसार अशा खर्चावर सभागृहात चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही.

संविधानकर्त्यांचा हेतू येथे स्पष्ट दिसतो. न्यायालयाने ठरविलेले देणे द्यावे की न द्यावे, हा राजकीय बहुमताचा विषय असू नये. म्हणून ‘तरतूद नाही’ हे उत्तर राज्य शासनाच्या तोंडी शोभत नाही. तरतूद करणे हे त्याचे कर्तव्यच असते. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यातील एका जमिनीच्या मोबदल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर होते. जमीन १९६३ मध्ये ताब्यात घेतली गेली होती. योग्य मोबदला न ठरविल्यास ‘लाडकी बहीण’ आणि ‘लाडका भाऊ’ यांसारख्या योजना थांबविण्याचा इशारा न्यायालयाने सुनावणीत राज्याला दिला. नव्या योजनांसाठी निधी उभा करता येतो, तर सहा दशके जुन्या देण्यासाठी का नाही, असा या इशाऱ्यामागचा प्रश्न होता.

४.८ आदेश पाळला नाही तर

एवढे होऊनही रक्कम आली नाही, तर दरखास्तीत न्यायालय जप्तीचा आदेश देऊ शकते. भूसंपादनाचा वाढीव मोबदला थकल्यामुळे जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकारी कार्यालयातील खुर्च्या, संगणक अथवा गाडी जप्त करण्यासाठी बेलिफ पोहोचल्याच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून येतात. लाखो रुपयांचे देणे खुर्चीच्या किमतीतून फिटणार नाही, हे सर्वांना ठाऊक असते. अशी जप्ती वसुलीपेक्षा नामुष्कीच्या बळावर काम करते. बहुधा बेलिफ दारात आला की मुदत मागितली जाते आणि धनादेशाची फाईल हलू लागते. जो कागद वर्षभर टेबलावरून सरकत नव्हता तो दोन दिवसांत कसा सरकतो, यातच विलंबाचे खरे कारण दडलेले असते. पुष्कळदा अडचण पैशाची नसते. निर्णय घेण्याची जबाबदारी कोणालाच नको असते.

न्यायालयाचा अवमान हे आणखी एक साधन. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी दरखास्तीचा मार्ग उपलब्ध असताना न्यायालये सामान्यतः अवमानाची कारवाई टाळतात. परंतु शासनाने न्यायालयाला लेखी हमी देऊन ती मोडली, किंवा महादेशाचे जाणूनबुजून उल्लंघन केले, तर संबंधित अधिकाऱ्याला व्यक्तिशः उत्तर द्यावे लागते.

४.९ मूल्यमापन

या सर्व विवेचनातून दोन परस्परविरोधी हिते दिसतात. एका बाजूला सार्वजनिक निधीचे रक्षण आहे. प्रत्येक दावा मान्य केला तर तिजोरी लुटली जाईल, म्हणून शासनाने खोट्या किंवा फुगविलेल्या दाव्यांविरुद्ध लढलेच पाहिजे. दुसऱ्या बाजूला धनकोचा हक्क आहे. घेतलेल्या कामाचे, जमिनीचे, सेवेचे मोल शासनाने चुकविले नाही, तर कायद्याचे राज्य हा शब्द पोकळ ठरतो. शिवाय विलंबाचा फटका सर्वांना सारखा बसत नाही. मोठी कंपनी नामांकित वकील नेमून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकते. घाटकोपरच्या एखाद्या गाळ्यात चार कामगार घेऊन काम करणारा पुरवठादार पहिल्याच तारखेनंतर तडजोडीला तयार होतो, आणि शंभराच्या येण्यावर साठ घेऊन समाधान मानतो. उशिरा पैसे मिळतील हे गृहीत धरून पुढील निविदेत दर वाढवून भरले जातात. म्हणजे सचोटीने न फेडलेल्या देण्याची किंमत शासन पुढच्या कामात मोजतेच.

म्हणून रक्कम जमा करण्याच्या आदेशाकडे एका पक्षाचा विजय किंवा दुसऱ्याचा पराभव म्हणून पाहणे अपुरे आहे. देणे खरे की खोटे हे तो आदेश ठरवीत नाही. ते ठरेपर्यंतच्या काळाचे ओझे केवळ धनकोच्या खांद्यावर राहणार नाही, एवढे तो पाहतो.

४.१० सारांश

अनुच्छेद ३०० मुळे शासनावर दावा करता येतो. परंतु पूर्वसूचना, मुदत आणि अंमलबजावणी यांबाबत कायद्याने शासनाला सवलती दिल्या आहेत. दावा, रिट आणि लवाद हे वसुलीचे तीन मार्ग होत. २०१५ ची दुरुस्ती आणि २०१९ मधील सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय यांमुळे निवाड्यास आव्हान दिले म्हणून आपोआप स्थगिती मिळत नाही, आणि शासनालाही रक्कम जमा करण्याची अट घालता येते. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोच्या वादातील २०२५ चा आदेश याच बदलाचे फलित आहे. जमा करणे म्हणजे अदा करणे नव्हे, हा भेद महत्त्वाचा. राज्याच्या बाबतीत न्यायनिर्णयाची रक्कम हा भारित खर्च असल्याने ‘तरतूद नाही’ ही सबब घटनात्मकदृष्ट्या टिकत नाही.

४.११ पारिभाषिक शब्द

दरखास्त : हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात केलेला अर्ज.
निवाडा : लवादाने दिलेला निर्णय.
महादेश : सार्वजनिक कर्तव्य पार पाडण्यास भाग पाडणारा न्यायालयाचा आदेश.
भारित खर्च : विधिमंडळाच्या मतदानाला न टाकता एकत्रित निधीतून करावयाचा खर्च.
बँक हमी : रक्कम परत करण्याची वेळ आल्यास ती देण्याची बँकेने घेतलेली लेखी जबाबदारी.

४.१२ स्वाध्याय

(१) ‘देणे ठरणे आणि देणे फिटणे या वेगळ्या गोष्टी आहेत’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
(२) शासनाला ऋणको म्हणून विशेष सवलती असाव्यात का? दोन्ही बाजू मांडून आपले मत लिहा.
(३) मुंबई मेट्रो वन आणि दिल्ली विमानतळ मेट्रो या दोन प्रकरणांवरून बँक हमीचे महत्त्व स्पष्ट करा.
(४) उपक्रम : शासकीय देण्याच्या थकबाकीविषयी मराठी वृत्तपत्रांत आलेल्या तीन बातम्या जमा करा. प्रत्येक बातमीत येणे कोणत्या टप्प्यावर आहे (दावा, निवाडा, जमा, अदा की जप्ती) ते ओळखा आणि बातमीच्या मथळ्यातून तो टप्पा वाचकाला नेमका कळतो का, यावर टिपण लिहा.